हिरवे ठिपके : प्रत्यक्ष की अनुमान?

पायाचा अंगठा रात्रीत टम्म सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं, संशय गाउटचा, म्हणजे सांध्यात युरेटचे स्फटिक साचल्याचा. मग ड्युअल-एनर्जी सीटी होतो. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण त्याच सांध्यातून जातात. युरेट आणि कॅल्शियम ते निरनिराळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून संगणक पडद्यावर युरेट बहुधा हिरवं रंगवतो. रुग्ण म्हणतो, 'सापडलं एकदाचं!'

पण दिसलं म्हणजे नेमकं काय झालं? न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ज्ञानाची चार प्रमाणं मानतं; चार्वाकाला प्रत्यक्षाखेरीज काहीच मान्य नाही. सीटीचं चित्र वरवर चार्वाकाच्या बाजूचं वाटतं. खरं तर आरपार जाताना किरण किती क्षीण झाले याची असंख्य मोजमापं घेऊन चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा आकडा गणिताने काढलेला असतो. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू असा दाखवला. त्यांच्या नावाच्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००. तेच आकडे 'बोन विंडो'त, म्हणजे हाडांच्या आकड्यांभोवती पसरलेल्या राखाडी छटांत, लावले की हाडातली बारीक चीर उठून दिसते आणि स्नायू एकसारखे राखाडी होतात. विंडो बदलली की स्नायू वेगळे कळतात, हाड मात्र पांढरंफटक. कोणती विंडो लावायची, हे माणूस ठरवतो.

तेव्हा हे अनुमानच, फक्त डोळ्यांपुढे मांडलेलं.

अनुमान आलं की नैयायिकांची जुनी धास्तीही आली : धुक्यालाच धूर समजून डोंगरावर आग ठरवली तर? या सीटीतही नखांच्या मुळाशी किंवा पायाच्या घट्ट्यांवर युरेट नसताना हिरवं उमटतं. जाणता रेडिओलॉजिस्ट ते वगळतो. उलट आजार नवा असेल, तर स्फटिक असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो.

खरा पेच पुढेच आहे. काहींच्या सांध्यांत हिरवे ठिपके सापडतात, पण अंगठा कधी दुखलेलाच नसतो. न्यायमते दुःख हा आत्म्याचा गुण, मनाने ज्याचं त्यालाच प्रत्यक्ष होणारा. डॉक्टरला उरतात दोन वाटा : सुजेवरून अनुमान, नाहीतर रुग्णाचा शब्द. स्वतः जाणून खरं सांगणाऱ्याला न्यायशास्त्र आप्त म्हणतं, आणि ठणक्याच्या बाबतीत हा मान रुग्णाचाच. 'स्कॅन नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही' या वाक्याचा पूर्वार्ध यंत्राच्या आधारावर उभा असतो, उत्तरार्धाला तो आधार नसतो. रेडिओलॉजिस्टना हे ठाऊक असतं. म्हणूनच अनेक रिपोर्टांच्या तळाशी रुग्णाच्या तक्रारीशी आणि तपासणीशी ताडून पाहण्याची सूचना असते.