जुनी राणी कां निघते?

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें 13:1–3



वाशीम जिल्ह्याच्या शिवारांत पळस फुलला कीं ढोलींतल्या सातेरी माशांच्या पोळ्यांत मध व पिलें वाढूं लागतात. जागा अपुरी पडली म्हणजे माशा पोळ्याच्या खालच्या कडेस राणीघरें बांधतात. तेथील अळ्यांस राजान्न चारलें जातें आणि अंड्यापासून सुमारें 16 दिवसांत नवी राणी तयार होते. परंतु ती बाहेर येण्यापूर्वींच, एके दिवशीं स्वच्छ उन्हांत, हजारों माशा पोटांत मध भरून घेऊन ढोलीबाहेर पडतात.

त्यांच्याबरोबर कोण निघते? तरुण राणी नव्हे, जुनी राणी! भरलेलें घर, मधाचा सांठा, पिलें, हें सर्व ती लेकीस ठेविते आणि आपण उघड्या फांदीवर जाऊन बसते. निघालेला थवा तगेलच असें नाहीं; तरी ती निघते. (आग्या माशी ऋतुमानाप्रमाणें सगळें बिऱ्हाड हालविते, ती गोष्ट निराळी.)

मग शोधक माशा नवी जागा पाहून येतात व नाचून तिची दिशा व अंतर सांगतात. जर्मनींत मार्टिन लिंडाउअर ह्यांनीं 1949 सालीं हें प्रथम ओळखिलें. पुढें अमेरिकेंत थॉमस सीली ह्यांस असें दिसलें कीं, प्रत्येक शोधक माशी आपला नाच हळूहळू आपण होऊन थांबविते. उत्तम जागेचा नाच तेवढा अधिक टिकतो. म्हणून अखेर एकमत होतें. हट्टानें कोणी नाचत राहत नाहीं.

अंत्युखियाच्या मंडळींत पांच शिक्षक होते. त्यांतून बर्णबा व शौल ह्या कसलेल्या दोघांस मंडळीनें पाठविलें. उरलेसुरले पाठविले नाहींत. आपल्याकडे उलट घडतें. नव्या वस्तींत उपासना सुरू करावयाची म्हणजे नवशिका उपदेशक एकटा धाडावयाचा, आणि वडिलांनीं सतरंजीवरची पुढली जागा धरून बसावयाचें! मग चाळिशी उलटलेले भाऊही मंडळींत पोरेंच राहतात, आणि पंचांच्या बैठकींत जो तो आपलाच नाच नाचतो.

वडील बंधूंनो, मंडळी तुमच्या श्रमानें भरली, हें खरें. म्हणूनच निघण्याचा पहिला मान तुमचा. पेटीची किल्ली तरुणांच्या हातीं द्या, दोनचार कुटुंबें सोबत घ्या आणि शेजारच्या गांवीं जा. रिकाम्या पोटीं मात्र जाऊं नका. वचनाचा मध भरून घ्या. मागें राहिलेलें घर प्रभु राखील. आमेन.