दुसऱ्याच्या मुलाला पुढे करताना

केंद्र सरकारने 2014 साली राष्ट्रीय युवा धोरण जाहीर केले. त्यात युवक म्हणजे 15 ते 29 वर्षे वयाची व्यक्ती. अग्रक्रमाची अकरा क्षेत्रे सांगितली आहेत. त्यांत शिक्षण, रोजगार, आरोग्य, क्रीडा यांच्या जोडीला ‘राजकारण आणि शासनकारभारातील सहभाग’ हेही एक आहे. म्हणजे ज्या दहावीच्या वर्गाला मी राज्यशास्त्र शिकवते, तो वर्ग या धोरणात बसतो. मताचा अधिकार नाही, पण सहभागाचे आमंत्रण आहे. आमंत्रण चांगलेच आहे. पण ते मुलांपर्यंत नेण्याचे काम शेवटी शिक्षकाकडे येते आणि तिथे एक नैतिक अडचण उभी राहते. दुसऱ्याच्या मुलाला अशा वाटेवर पुढे करण्याचा मला अधिकार आहे का, जिथे काही झालेच तर किंमत ते मूल मोजणार आहे, मी नाही?

आमच्या उर्दू वर्गात नागरिकशास्त्राला शहरियत म्हणतात. आठवीपर्यंत शहरियत, नववीपासून सियासियात. शहरियत या शब्दाला घरात मान आहे. कचरा टाकू नये, रांगेत उभे राहावे, पाणी वाया घालवू नये, ही शहरियत. पण सियासियात म्हटले की त्यातली सियासत आईबापांच्या कानाला आधी लागते. “पढाई कर, सियासत में मत पड,” हे वाक्य पालकसभेत मी किती वेळा ऐकले असेल! याला भित्रेपणा म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. आपल्यातले सुशिक्षित तसे म्हणतातही. पण यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा बाप हिशोबाचा पक्का असतो. मोर्चात काही गडबड झाली तर पोलीस ठाण्यात नाव कोणाचे लिहिले जाईल, वकील कोणाला परवडेल, पुढे नोकरीच्या वेळी पडताळणीत ते नाव कोणाला आडवे येईल, हे त्याला ठाऊक आहे. नाव मुसलमानाचे असेल तर हिशोबात आणखी एक आकडा वाढतो. हा हिशोब चुकीचा आहे, असे त्याला छातीठोकपणे सांगणे मला जमत नाही.

शासन मात्र बिनखर्चाचा सहभाग मागते. 2011 पासून दर 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस साजरा होतो. रांगोळी, निबंध, प्रभातफेरी, शपथ. त्यात वाईट काही नाही. 1989 साली मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. आता सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो आणि 2022 पासून वयाच्या पात्रतेसाठी वर्षातल्या चार तारखा धरल्या जातात. या सोयी खऱ्या आहेत. पण फेरीतल्या घोषणा ठरलेल्या, निबंधाचा विषय ठरलेला, शपथ छापलेली. “मला हे पटत नाही,” असे मुलाने म्हणावे अशी जागा त्यात कुठे आहे?

आपल्या राज्याचेच पाहा. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांत वर्गप्रतिनिधी निवडून देण्याऐवजी मागच्या परीक्षेतल्या गुणांवर नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांतल्या हाणामाऱ्या हे कारण होते आणि ते खोटे नव्हते. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. पण मधल्या बावीस वर्षांत एक अख्खी पिढी हे शिकली की प्रतिनिधी म्हणजे ज्याला जास्त गुण मिळाले तो. (मास्तरांना ही पद्धत सोयीची वाटते, हेही सांगून टाकते.)

मुलांना उदाहरण म्हणून मी युसुफ मेहेरअलींचे नाव सांगते. 1928 साली सायमन कमिशन मुंबईला उतरले तेव्हा त्याच्या विरोधात उभे राहणारे मेहेरअली 24 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी तरुणांची बॉम्बे यूथ लीग उभी केली. कायद्याची पदवी असूनही इंग्रज अमदानीत त्यांना वकिली करू दिली गेली नाही. 1942 साली मुंबईचे महापौर म्हणून निवडून आले ते तुरुंगात असताना. 1950 साली, पन्नाशीही न गाठता, ते गेले. मुले ऐकतात, भारावतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, “मॅडम, ते श्रीमंत होते ना?” होते. सुखवस्तू व्यापारी घराण्यातले होते. म्हणून त्यांचा त्याग लहान होत नाही. पण हा प्रश्न मला कोणत्याही धोरणापेक्षा जास्त शहाणा वाटतो. परक्या सत्तेशी लढताना जी किंमत त्यांनी मोजली, ती स्वतंत्र देशात गटाराबद्दल विचारणाऱ्या पोराने का मोजावी?

मला वाटते, पुढे हो म्हणणाऱ्याने जोखमीचा काही वाटा स्वतः उचलला, तरच त्याच्या म्हणण्याला नैतिक वजन येते. शासनाचा वाटा म्हणजे उत्तर देणे. तरुणाने काय करावे हे धोरणे विस्ताराने सांगतात. त्याने विचारले तर कोणी, किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे सांगायची वेळ आली की भाषा मोघम होते. आणि शिक्षकाचा वाटा? तो मला वर्गातच सापडला.

नववीच्या मुलींनी शाळेच्या गल्लीतल्या बंद दिव्यांबद्दल पालिकेला अर्ज लिहिला. दुपारच्या पाळीची शाळा सुटते तेव्हा हिवाळ्यात अंधारून येते. शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली की अर्ज शाळेच्या लेटरहेडवर जावा, मुलींची नावे नकोत. काळजीपोटीच सगळे बोलत होते. एका मुलीने विचारले, “मग अर्ज कोणाचा?” शेवटी पहिली सही मी केली, खाली ज्यांच्या घरून होकार आला त्या अकरा मुलींनी. बाकीच्यांना कोणी काही म्हणायचे नाही, असेही ठरले; न करण्याचा अधिकार नसेल तर सही ही हजेरी होऊन बसते.

दोन महिन्यांनी दिवे लागले. उत्तर आले नाही. मला आनंद झाला होता, मुली मात्र खट्टू. “दिवे आपल्या अर्जामुळे लागले की लागायचेच होते?” हे त्यांना कळायला हवे होते आणि ते सांगायला कोणी बांधील नव्हते.

शिक्का मारलेली पोच वर्गाच्या कपाटात आहे. यंदाच्या नववीने ती नमुना म्हणून मागून घेतली. त्यांना गटाराबद्दल लिहायचे आहे. सह्या कोणी करायच्या, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.