कॉमेंटमधली चूक कुणाची?

कंपायलर कॉमेंट वाचत नाही. कोडमध्ये एक अक्षर चुकलं तर प्रोग्राम अडतो. त्याच फाइलमधल्या कॉमेंटमध्ये ‘रिसीव्ह’चे ई आणि आय उलटे पडले, तरी तो ती ओळ गाळून पुढे जातो. मग एखाद्या ओपन सोर्स लायब्ररीत जाऊन फक्त अशी स्पेलिंगं सुधारणाऱ्याने नक्की काय केलं? फुकटचं नाव कमावलं, की कुणाचं तरी काम सोपं केलं?

शंका अगदीच खोटी नाही. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी रीडमीमध्ये उगाच एखादा शब्द घुसडून इतका कचरा पाठवला, की ज्या प्रोजेक्टना हवं त्यांनीच सामील व्हावं, असा नियम आयोजकांना मधेच करावा लागला.

लिनक्स कर्नलवाल्यांनी मात्र फार आधी व्यवहारी निकष लावला होता. किरकोळ पॅचमध्ये काय चालेल याच्या त्यांच्या यादीत ‘ग्रेप’ने शोधताना आडवी येणारी स्पेलिंगं होती. चुकीचा लिहिलेला शब्द शोधून सापडत नाही, आणि रात्री दोन वाजता बग शोधणाऱ्याला तोच हवा असतो.

काही चुका मात्र सुधारता येत नाहीत. एचटीटीपीमधल्या ‘रेफरर’ हेडरमधला एक आर गळलेला आहे. 1996 च्या आरएफसी 1945 मध्ये तो तसाच छापला गेला आणि ब्राउझर आजही तसाच पाठवतात. त्या चुकीवर इतरांनी घरं बांधली. ती आता लिहिणाऱ्याची उरलेली नाही. कॉमेंटवर कुणी काही बांधत नाही, म्हणून ती सुधारायची मुभा जास्त. (रोमन लिपीत ळ नाही, त्यामुळे आमच्या कळंबचं पाटीवर काय होतं ते विचारू नका. तिथे पुल रिक्वेस्ट कुठे पाठवायची?)

दुसऱ्याचा मजकूर शुद्ध करण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम एकनाथांचं. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शेवटी साल लिहिलं, नाव लिहिलं, कारण लिहिलं: ग्रंथ मुळात शुद्धच, पाठभेदांनी बिघडला. वर पुढच्यांना ताकीद, की यात स्वतःच्या ओव्या घालू नका. इतका नेटका कमिट मेसेज मी ऑफिसात क्वचितच पाहिलाय. फक्त डिफ नाही. म्हणून तर 1909 मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून छापलेल्या प्रतीचं एवढं अप्रूप.

गिटमध्ये जुनं काहीच हरवत नाही, पण ‘ब्लेम’ चालवला की त्या ओळीसमोर सुधारणाऱ्याचं नाव येतं. ती ओळ का लिहिली हे त्याला ठाऊक नसतं. 2019 पासून अशा कमिट वगळायची सोय आहे, पण वापरतो कोण?

आणि या चुका करतं कोण? बहुतेकदा आपणच, इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा असलेले. म्हणून माझी मर्यादा ठरलेली आहे. स्पेलिंग सुधारायचं, वाक्याला हात लावायचा नाही. ‘डू द नीडफुल’ ही चूक नाही, ती आपली बोली आहे.

मध्यंतरी एका लायब्ररीत असाच पॅच पाठवला. सात शब्द बदलले. एका कॉमेंटचा अर्थ असा: ‘हे का चालतं माहीत नाही, कृपया काढू नका.’ त्यातलं ‘प्लीज’चं स्पेलिंग सुधारलं आणि मूळ लेखकाला रिव्ह्यूसाठी टॅग केलं. त्याची शेवटची कमिट सहा वर्षांपूर्वीची आहे. पॅच अजून उघडाच आहे.