मलिक अंबर आणि निजामशाहीचे अखेरचे दिवस

ज्या पुण्यात आज आपली घरे आहेत, ते एकेकाळी निजामशाहीतला एक लहानसा कसबा होते. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकले आणि ते राज्य संपल्यातच जमा झाले. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबर या हबशाने ते सुमारे पाव शतक तोलून धरले. लढाईचा खर्च डोक्यावर असतानाही त्याने साऱ्याची इजारदारी मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. संकटाची सबब सांगून रयतेला पिळले नाही. आजच्या राज्यकर्त्यांनाही हे सहसा साधत नाही. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवले, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते.

1626 मध्ये तो वारला. 1629 मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवांना मुलांसह दग्याने मारण्यात आले आणि शहाजीराजे दुरावले. पुढे अंबरच्याच मुलाने, फत्तेखानाने, सुलतानाचा जीव घेतला. त्यातच 1630 चा भीषण दुष्काळ. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले. 1636 मध्ये निजामशाही मिटली.

आपसात भांडाल तर धीर खचेल आणि बळ ओसरेल, अशी ताकीद सूरह अन्फालच्या 46व्या आयतीत आहे. तिथेच सब्र करण्याचीही आज्ञा आहे. महागाईच्या आणि भीतीच्या या दिवसांत बहिणीचा वारसाहक्क आपण दिला का? कामगाराची मजुरी अडकली असेल तर या जुम्याआधी ती चुकती करा, आणि ज्या भावाशी बोलणे तुटले आहे त्याला पहिला सलाम तुम्ही करा.