शिक्षा विकत देता येते, पाप नाही



आजच्या चिंतनाला गीतेच्या पाचव्या अध्यायातला पंधरावा श्लोक आहे. परमेश्वर कुणाचं पाप घेत नाही आणि पुण्यही घेत नाही, असं तिथे सांगितलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार कोरडं वाटलं होतं. देवानेच घेतलं नाही, तर कोण घेणार? मग एक जुनी हकिगत वाचली आणि या श्लोकाचा अर्थ वेगळाच दिसायला लागला.

१९व्या शतकातला चीन. फूच्येन प्रांतात एक भयंकर व्यवहार चालायचा. श्रीमंताच्या हातून खून झाला की तो एखाद्या गरिबाला भरपूर पैसे देऊन आपल्या जागी उभा करायचा. गरिबाने गुन्हा कबूल करायचा आणि मरायचंही त्यानेच. लोक याला ‘पांढरं बदक कापणं’ म्हणायचे. दोघांचा चेहरा सारखा असण्याचीही गरज नव्हती. कबुलीजबाब जुळला की काम झालं!

चेन छीयुआन नावाच्या लेखकाने आपल्या वडिलांचा अनुभव लिहून ठेवलाय. वडील खटले तपासायच्या कामावर होते. समोर आला १६ वर्षांचा मुलगा. मृताच्या अंगावर दहाच्या वर जखमा. एवढं एकट्या पोराने केलं? पुन्हा पुन्हा विचारलं, तर दर वेळी तेच उत्तर, एका शब्दाचाही फरक नाही. पाठ करून घेतलेलं! शेवटी तो रडला आणि खरं बोलला. खटला खालच्या कचेरीत परत पाठवला. पण काही दिवसांनी पोरगा पुन्हा ‘मीच मारलं’ म्हणत हजर. का? तिथे छळ झाला होता. आणि आईवडिलांनी सुनावलं होतं की तुझे पैसे खर्च झालेत, आता शब्द फिरवून आम्हाला संकटात टाकतोस का? शेवटी त्याला मृत्युदंड झाला.

आता सांगा, इथे नेमकं काय विकलं गेलं?

माझा दंड मित्राने भरला तर आपल्याला काही वावगं वाटत नाही. पैसे कुणाच्या खिशातून आले, याने फारसा फरक पडत नाही. मग तुरुंग किंवा फाशी बदली माणसाने भोगली तर आतून का हलतं? कारण शिक्षा म्हणजे नुसती वसुली नव्हे. ‘हे तू केलंस’ असं त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगणं त्यात असतं. बदली माणूस उभा केला की ते सांगणंच खोटं ठरतं. मेलेल्याला न्याय मिळत नाही, निरपराध जातो आणि खुनी खुनीच राहतो. उलट आता त्याच्या नावावर दोन जीव.

आणि ‘त्याने स्वखुशीने पैसे घेतले ना’ असं कुणी म्हणालं, तर तो मुलगा आठवा. भुकेने दिलेल्या होकाराला खुशी कसं म्हणायचं?

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकतो. घरच्यांनी लुटीचं अन्न आनंदाने खाल्लं, पण पापात वाटा घ्यायला कुणी तयार झालं नाही. मला आता वाटतं, तो नकार हीच वाल्यावर झालेली पहिली कृपा होती. कुणी ‘हो’ म्हटलं असतं, तर तो वाल्याच राहिला असता. वाल्मीकी कुठून झाला असता?

खरं सांगू? हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटतेय. दोन वर्षांपूर्वी ऑफिसमध्ये माझी एक चूक कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाच्या माथी गेली. मी बोललो नाही, गप्प बसलो. त्याचं काम गेलं. माझा पगार चालू राहिला. पैसे मोजले नाहीत, पण बदक मीही कापलं होतं.

देव पाप घेत नाही, म्हणजे तो निष्ठुर आहे असं नाही. माझं कर्म माझ्याजवळ ठेवून तो मला सुधारायची जागा देतो. या आठवड्यात त्या मुलाला फोन करणार आहे. माफी मिळेलच असं नाही. पण चूक कुणाची होती, हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवं, आणि जुन्या मॅनेजरलाही.

आज रात्री हरिपाठ झाल्यावर दोन मिनिटं बसून बघा. आपल्या वाटची शिक्षा कोण भोगतंय?

राम कृष्ण हरि 🙏