कव्हर नसलेला शाफ्ट

फेब्रुवारी २०२५ च्या आधी ज्यांनी कुदळवाडी पाहिली आहे, त्यांना तिथली भंगाराची गोदामं आठवत असतील. महापालिकेनं अनधिकृत म्हणून ती बुलडोझर लावून पाडली. त्याआधी पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातलं बरंचसं टाकाऊ लोखंड तिथं यायचं, आणि त्यातलं थोडं खेड, आंबेगाव, जुन्नरच्या शेतांत जाऊन पुन्हा कामाला लागायचं. ट्रकच्या चासीचा चॅनल ट्रॉलीचा सांगाडा व्हायचा, कमानीच्या पाट्याचा कल्टिव्हेटरला फण व्हायचा.

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. (आमच्या बॅचमध्ये उलटं उदाहरण शोधावं लागेल.) खेड तालुक्यातल्या माझ्या मामांकडे ट्रॅक्टरमागे लावायचं बटाटे काढायचं यंत्र आहे. गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्यानं बनवलेलं. चॅनल जुन्या ट्रकचा, गिअरबॉक्स मोडक्या रोटाव्हेटरचा, जमिनीत घुसणारं पातं कमानीच्या पाट्याचं. कंपनीच्या यंत्राच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात काम झालं.

हा माणूस आठवी शिकलेला. पातं बसवताना तो म्हणाला होता, "पाट्याला वेल्डिंग मारायचं नाही दादा. मधलं भोक असतंच, बोल्टनं आवळायचं." हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं. कमानीच्या पोलादात कार्बन जास्त. वेल्डिंगच्या शेजारची पट्टी तापून झटकन गार झाली की काचेसारखी ठिसूळ होते आणि दगडाला लागली की तिथंच तुटते. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यानं तुटलेले फण बघून शोधून काढलं होतं. म्हणून 'जुगाड म्हणजे अडाणीपणा' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा त्यांच्याकडेही इंजिनिअरिंगची पदवी नव्हती.

पण व्हॉट्सॲपवर 'गावाकडचं भारी डोकं' म्हणून फिरणारे व्हिडिओ बघूनही मला तितकंच अस्वस्थ व्हायला होतं. त्याचं कारण त्याच यंत्राचा शाफ्ट.

ट्रॅक्टरच्या मागे जो पीटीओ असतो, तो साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला ९. ही ताकद यंत्रापर्यंत नेणारा कंपनीचा शाफ्ट प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये येतो. आतला दांडा फिरतो, कव्हर स्थिर राहतं. मामांचा शाफ्ट एका जुन्या पिकअपचा, उघडा. त्याच्या क्रॉसवर पदराचं टोक अडकलं, तर ओढून घ्यायला बाईकडे सेकंदसुद्धा नसतो.

आणि तिथं उभं कोण असतं? मामा ट्रॅक्टरच्या सीटवर. फॅब्रिकेशनवाला त्याच्या शेडमध्ये. यंत्रामागून सात-आठ बायका बटाटे वेचत चालतात. साखळीत पाला अडकला की त्यांच्यातलीच जवळची कुणीतरी पुढे होऊन तो उपसते. यंत्र स्वस्तात पडलं त्याचा फायदा मामांना. बायकांची हजेरी मात्र तेवढीच, मग यंत्र कंपनीचं असो की भंगाराचं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप बनवली, ती २०२१ च्या शेवटी देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही गाडी नियमात बसत नाही असंही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली. त्या कौतुकात मला काही खटकलं नाही. गाडी ज्यानं बनवली तोच ती चालवत होता. शेतातल्या यंत्राचं तसं नसतं. धोका पत्करायचा निर्णय एक जण घेतो आणि हात दुसऱ्याचा जातो. मळणी यंत्रांनी एवढे हात नेले की १९८३ साली संसदेला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यात बनवणाऱ्याला परवाना सक्तीचा झाला आणि जखमी झालेल्याला भरपाईची तरतूद आली.

माझा एक मित्र म्हणतो, तुम्ही सॉफ्टवेअरवाले तर बोलूच नका. खरं आहे. ओपन सोर्स कोडच्या लायसन्समध्ये आम्ही सरळ लिहितो की 'जसं आहे तसं घ्या, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही'. फॅब्रिकेशनवाला निदान रात्री फोन केला तर वेल्डिंग मशीन घेऊन येतो. मित्राच्या मते ही ओळखपाळख कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठी. पण ती ओळख मामांशी आहे. बायका दुसऱ्या गावाहून टेम्पोत बसून येतात. त्यांच्याकडे त्याचा नंबर नाही.

मग त्याच्याकडे बुदनीच्या सरकारी केंद्राचा चाचणी अहवाल मागायचा का? त्याचं शेड महिन्यात बंद पडेल, आणि त्याच बायका दिवसभर वाकून कुदळीनं बटाटे काढतील. पाठ मोडणं हीसुद्धा इजाच आहे, फक्त तिची बातमी होत नाही. म्हणून मला सर्टिफिकेटपेक्षा सोपी वाटणी पटते. रंग, दिसणं, टिकाऊपणा, यांत काटकसर करायचा मालकाला पूर्ण हक्क आहे, कारण बिघडलं तर खड्डा त्याच्याच खिशाला. कव्हरवर वाचवलेले पैसे मात्र त्याचे नाहीतच.

फॅब्रिकेशनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पीव्हीसीचा पाइप उभा चिरून दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसवला की झालं, अर्ध्या दिवसाचं काम, पण आजवर कुणी मागितलंच नाही. मामा म्हणाले, "अरे, क्रॉसला सारखं ग्रीस मारावं लागतं. दर वेळी काढ-घाल कोण करणार?" शेवटी पाइपला ग्रीसगनपुरती खिडकी कापायचं ठरलं.

वेचणाऱ्या बायकांपैकी एकीशी मी बांधावर बोललो. तिनं साडीवरून नवऱ्याचा फुल शर्ट घातला होता. "आम्ही पदर खोचूनच येतो दादा," ती म्हणाली. "कव्हर लावा नाहीतर नका लावू. पण यंत्र बंद केल्याबिगर पाला काढायला लावू नका म्हणावं."

मामांना हे सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तिनं मला का नाही सांगितलं?"