पोथी झाकावी की उघडावी?

महानुभाव पंथाने सकळ, सुंदरी आदी लिपींच्या आवरणात ग्रंथ जपले. त्यांची छायाचित्रे संगणकावर ठेवून अभ्यासकांस खुली करणे हा पूर्वाचार्यांच्या विश्वासाचा भंग होय काय?

लीळाचरित्राची मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत हरपली व स्मरणाने पुन्हा बांधताना पाठभेद उपजले, असे परंपरा सांगते. लिपीच्या आवरणाने अर्थ झाकतो. पोथीचा नाश टळत नाही. भाईंदरच्या जेसल पार्कात, खाडीच्या दमट हवेत, एखाद्या वासनिकाने जपलेल्या पोथीसही बुरशीचे भय आहेच.

नागदेवाचार्यांनी केशिराजांस संस्कृत सोडून मराठीत लिहावयास सांगितले, ते साध्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकू नयेत म्हणून. तोच न्याय येथे लावावा. पोथीधारकाच्या संमतीने, सर्व पाठभेदांसह, अक्षर सर्वांस मिळावे. अर्थाचा अधिकार मात्र गुरुमुखानेच लाभतो.